धुतलेली माती

गांडूळ यायला पावसाळा उलटून गेला. सगळ्या तालुक्यात एकच होतं, आणि घर घेणाऱ्यांची रांग मोठी.

हे खरं गांडूळ नव्हे. बोटाएवढं जाड, हातभर लांब पोलादी यंत्र. सरकारी नाव मृदाशोधक, पण ते नाव कार्यालयाच्या पाटीवरच राहिलं. नवा कायदा झाल्यापासून घर, प्लॉट, शेत, काहीही विकायचं तर आधी जमिनीत गांडूळ सोडावं लागतं. त्याचा दाखला नसेल तर खरेदीखत होत नाही. पूर्वी लग्नाला पत्रिका बघायचे, आता जमिनीची बघतात.

मी हणमंत सूर्यवंशी. मूळचा विट्याकडचा. उभा जन्म तमिळनाडूत सेलमला गलाईच्या दुकानात गेला. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा धंदा. आमच्या भागातली माणसं हाच धंदा घेऊन देशभर पसरली आहेत. सेलमला चांदीचे पैंजण बनतात, म्हणून आमचं सगळं काम चांदीचं.

बायको मंगल. तिचं एकच म्हणणं असायचं, म्हातारपणी गावाकडं घर घ्यायचं आणि घराला मागं मातीचं परडं पाहिजे. सेलमला दुकानामागं खाट टाकण्यापुरती जागा, तीसुद्धा फरशीची. त्या फरशीवर तिनं विटा रचून तुळस लावली होती. रोज सकाळी तिथली दोन पानं तोडून चहात टाकायची. मग तिची मूत्रपिंडं बिघडली. डॉक्टरांनी कारण सांगितलं नाही, आम्हीही फार विचारलं नाही. जायच्या आधी म्हणाली, "घर घ्याल तेव्हा माझी तुळस तिच्या मातीसकट न्या. नुसतं रोप नेलं तर जगायचं नाही."

देवकर गल्लीतलं हे घर पोपटराव देवकरांचं. सगळे त्यांना पोपटदादा म्हणतात. शेजारच्या मोठ्या घरात ते आणि कमलवहिनी राहतात. मी घ्यायला निघालो ते घर त्यांच्या धाकट्या भावाचं, जालिंदरचं. जालिंदर एसटी स्टँडवर बॅटऱ्या चार्जिंगचं दुकान चालवायचा. लग्न केलं नव्हतं. तो वारल्यावर घर रिकामं पडलं, म्हणून विकायला काढलं.

तुळशीच्या लग्नाचे दिवस होते. दाखल्याचा नंबर लागायला बराच वेळ होता. पोपटदादांनी किल्ली माझ्या हातात दिली.

"वहिनींची तुळस ट्रकमध्ये सुकवू नका. आधी ती येऊ दे घरात, कागद मागनं बघू."

"भाडं किती धरायचं?" मी विचारलं.

"भाडं कसलं? घर तुमचंच की. एकच सांगतो, आमची म्हस खिडकीतनं तोंड घालती. नवं माणूस आलं की तिला बघायला लागतंय. तेवढं सोसा."

मी परड्यात खड्डा काढला, तिच्या तुळशीची माती भरून सेलमहून ट्रकमधून आणलेलं पिंप त्यात पालथं केलं, वर चार विटा रचल्या आणि मंगलची तुळस लावली. कमलवहिनींनी हळद-कुंकू वाहिलं. त्या दिवसापासून चहाला त्यांच्याकडून तांब्याभर दूध यायला लागलं.

मुलगी रेश्मा पुण्याहून तिच्या लहान मुलाला घेऊन यायची. गांडुळाचा आग्रह तिचाच. पोपटदादा म्हणाले होते, ओळखीनं वरवर तपासून दाखला काढता येतो. रेश्मा म्हणाली, "नाही आप्पा. नीट खोलवर तपासायचं. आईचं काय झालं ते बघितलंय ना आपण?"

गांडूळ घेऊन आल्या त्या मुलाणी मॅडम. वयानं रेश्माएवढ्याच. पेटी उघडली तशी निम्मी गल्ली परड्यात जमली.

"हे विष मोजतंय का?" पोपटदादांनी विचारलं.

"विष नाही काका, विषाची आठवण," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. पूर्वी मातीत शिसं किती, पारा किती, असं मोजायचे. पण विष पावसानं वाहून जातं, एका खड्ड्यात सापडतं आणि शेजारच्या खड्ड्यात सापडत नाही. म्हणून हे यंत्र मातीतले जीवाणू वाचतं. चिमूटभर मातीत ते कोट्यवधी असतात. मातीत शिसं मुरलं की जे जीवाणू शिसं अंगाबाहेर टाकायला शिकतात तेवढेच टिकतात. ती युक्ती त्यांच्या जनुकांत लिहिलेली असते. विष कमी झालं तरी युक्ती राहते. शिवाय ते ती स्वतःपाशी ठेवत नाहीत. जनुकांचं एक लहानसं कडं असतं, ते शेजारच्या जीवाणूला देतात, तो पुढच्याला देतो.

"म्हणजे विरजणासारखं," कमलवहिनी म्हणाल्या. "चमचाभर घातलं की सगळं पातेलं."

मॅडम हसल्या. "काकू, आता मी सगळीकडं असंच सांगत जाते."

त्यांनी परड्यात चक्कर मारली आणि तुळशीपाशी थांबल्या. "इथली माती भुसभुशीत आहे. इथनंच सोडू का?"

"तिथं नको," मी म्हणालो. "माझ्या बायकोची आहे ती. तिथं यंत्र घालायचं नाही."

"ठीक आहे काका. तुळशीत घालायला कुणीच देत नाही." त्यांनी चार पावलं लांब, पोपटदादांनी म्हशीसाठी राखलेल्या गवताच्या पट्ट्याकडं गांडूळ सोडलं. ते मातीत शिरलं आणि त्याची वायर सळसळत आत जात राहिली.

दाखला मोबाइलवर आला तेव्हा मी डेअरीत होतो. डेअरी म्हणजे गावचं दूध घालायचं केंद्र. संध्याकाळची वेळ, सगळ्यांच्या हातात किटल्या. गावाच्या भुईनकाशावर देवकर गल्लीचा परड्याकडचा पट्टा लाल झाला होता. खाली लिहिलं होतं, शिसे, तेजाब, दीर्घकाळचा साठा, सविस्तर अहवाल नंतर.

शिसं आणि तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड, म्हटल्यावर कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. बॅटरीत दुसरं काय असतं?

पोपटदादा रांगेत होते. मी तिथंच दाखला मोठ्यानं वाचला. एकेक शब्द. मग म्हणालो, "तुमच्या भावानं परड्यात बॅटऱ्या फोडल्या आणि ते विष तुम्ही माझ्या गळ्यात घालत होता. माझा नातू त्या मातीत खेळतोय."

"हणमंतराव, जालिंदर घरी काम आणत नव्हता हो. आईनं त्याला सक्त ताकीद दिली होती."

"मग माती खोटं बोलते?"

मी घराकडं निघालो. ते माझ्यामागोमाग परड्यापर्यंत आले, चपला काढल्या आणि तुळशीवर हात ठेवायला वाकले. "या तुळशीची शप्पथ घेऊन सांगतो..."

मी त्यांचा हात झटकला. "तिला हात लावायचा नाही."

त्या वेळी मला राग आला होता हे खरं आहे. पण रागापेक्षा बरं वाटत होतं, हेही खरं आहे. मंगल गेल्यापासून मला कुणावर चिडायला मिळालं नव्हतं. डॉक्टरवर नाही, देवावरही धड नाही. आता समोर एक माणूस होता, त्याला चपलासुद्धा पुन्हा घालायचं सुचत नव्हतं, आणि मी बोलत राहिलो.

दुसऱ्या दिवशी डेअरीनं पोपटदादांचं दूध नाकारलं. नियम तसाच होता. लाल पट्ट्यातलं गवत खाणाऱ्या जनावराचं दूध घ्यायचं नाही. पोरं गल्लीला विषारी गल्ली म्हणायला लागली. गल्लीत एकीचं लग्न ठरलं होतं, तिच्या सासरच्यांनी फोन करून विचारलं की तुमच्याकडचं पाणी कसं आहे.

कमलवहिनी तरी तांब्या घेऊन आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"विषारी आहे म्हणत्यात. चालत असंल तर घ्या, न्हाईतर तुमच्याच परड्यात ओतते."

मी तांब्या घेतला नाही. त्यांनी तो उंबऱ्यावर ठेवला आणि गेल्या.

सविस्तर अहवाल आला तेव्हा मी एकटाच चहा पीत होतो. त्यात धातूंची नावं एकाखाली एक होती. शिसे. जस्त. त्याखाली, चांदी.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. चांदीच होतं. चांदी पचवायला शिकलेले जीवाणू, भरपूर, आणि खूप जुने.

बॅटरीच्या दुकानात चांदी कशाला येईल? खालच्या टिपेत लिहिलं होतं की चांदीचा उगम स्पष्ट नाही. मुलाणी मॅडमना कळलं नव्हतं, गावात कुणालाच कळलं नसतं. मला तो शब्द वाचल्यावर लगेच कळलं.

सेलमला पैंजण करणाऱ्यांच्या दुकानांत जमिनीवर चांदीचा कीस पडतो. ती झाडलेली माती ते पोत्यांनी गलाईवाल्याला विकतात. आम्ही ती शिशाबरोबर भट्टीत घालतो, तेजाबात घालतो, पाण्यानं धुतो आणि चांदी काढून घेतो. मागं उरते तिला आमच्यात धुतलेली माती म्हणतात. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मंगलनं विचारलं होतं, तुळस लावायची आहे, इथं माती कुठं मिळेल? मी कोपऱ्यातलं पोतं दाखवून म्हणालो होतो, "ही घे की. धुतलेली आहे."

धुतलेली म्हणजे चांदी काढलेली. पण तो शब्द रोज बोलून बोलून आमच्या डोक्यात त्याचा अर्थ स्वच्छ असाच बसला होता. तिच्या आणि माझ्याही. सेलमच्या आमच्या गल्लीतल्या सगळ्या गलाईवाल्यांच्या तुळशी तसल्याच मातीत होत्या. पुढं दर वर्षी माती खचली की ती म्हणायची, "अहो, धुतलेली घाला थोडी." मी घालायचो.

आता ते सगळं पिंप मीच या परड्यात पालथं केलं होतं. त्यावर एक पावसाळा गेला होता, पाणी गवताकडं उतरलं होतं. आणि गांडूळ तिथं सोडू नका असंही मीच सांगितलं होतं.

मी अहवाल बंद केला. कुणाला सांगितलं नाही.

मी गप्प का राहिलो ते सांगतो. पोपटदादांसमोर मान खाली घालायला मी घाबरत होतोच, पण जास्त घाबरत होतो रेश्माला. तिला सांगितलं तर ती पहिली गोष्ट काय विचारेल ते मला माहीत होतं. आईच्या चहात रोज दोन पानं. इतकी वर्षं.

मी फोनवर मुलाणी मॅडमना आडून विचारलं, "लाल रंग परत निघू शकतो का?"

"मूळ सापडलं तर निघतो काका. बाहेरून आलेली माती असेल तर विरजण सापडल्यासारखंच. तेवढी माती उचलून बंद खड्ड्यात नेऊन पुरायची. रोपं असतील तर तीही. बाकी पट्ट्यात खरं विष जवळपास नसतंच, नुसती आठवण असते. मग वर्षभर लक्ष ठेवून आम्ही रंग काढतो. दूध तर लगेच सुरू होतं. का? काही सापडलं का?"

"नाही. सहज विचारलं."

तो तांब्या मी घासून ठेवला होता. परत द्यायला जायचं धैर्य होत नव्हतं.

मग रविवारी सकाळी पोपटदादाच आले. रेश्मा आलेली होती, आत पोराला जेवू घालत होती. पोपटदादा पायरीवर बसले, आत यायला नको म्हणाले.

"लई आठवून बघितलं," ते म्हणाले. "जालिंदर एकदा हितं दगडावर बसून काहीतरी धूत होता. विचारलं तर म्हणला, काय न्हाई दादा, डबा धुतोय. डबाच असंल असं वाटलं तवा."

त्यांनी परड्यातल्या दगडाकडं बघितलं.

"आता वाटतंय बॅटरीच असंल. त्याला म्हाईत नसंल इतकं वंगाळ असतं म्हणून. चांगला होता हो तो. पण केलं असंल. यंत्र कशाला खोटं सांगंल?" त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्याचा फोटो काढला भिंतीवरनं. कमल लई बोलली मला. तर, त्याच्या वतीनं माफी मागायला आलोय. वहिनींच्या तुळशीजवळ असलं निघालं. मला म्हाईत नव्हतं, हणमंतराव."

मला वाटलं होतं मी आता सगळं सहन करू शकतो. पण हा माणूस माझ्या पायरीवर बसून माझी माफी मागत होता, आणि माझं माणूस मी झाकलं म्हणून त्यानं त्याचं माणूस भिंतीवरून उतरवलं होतं. दोघंही मेलेलेच. उत्तर द्यायला दोघांपैकी कुणी येणार नव्हतं.

"दादा," मी म्हणालो, "फोटो परत लावा."

"आं?"

"त्या मातीत चांदी निघालीय. बॅटरीत चांदी नसते. ती माती माझी आहे. सेलमची. पिंपातून मी आणली."

मी तुळशीकडं बोट केलं.

"कधी कळलं तुमाला?"

"अहवाल आला तेव्हाच."

"म्हणजे आमचं दूध बंद होतं तवा तुमाला म्हाईत होतं."

"हो."

पोपटदादांनी टोपी डोक्यावर घातली. मारतील असं वाटलं, मारायला हवं होतं. ते उठले आणि निघून गेले.

मागं वळलो तर रेश्मा दारात उभी होती. हातात पोराची ताटली तशीच.

"धुतलेली माती," ती म्हणाली. तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती त्याच दुकानामागं वाढली होती.

"आम्हाला माहीत नव्हतं गं. सगळेच घालायचे."

"मला माहीत आहे तुम्हाला माहीत नव्हतं." ती तुळशीकडं वळली. "आप्पा, आई माझ्याही चहात टाकायची."

एवढंच बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. त्याच दुपारी ती सांगलीला रक्त तपासायला गेली. मला चला म्हणाली नाही.

संध्याकाळी मी डेअरीत गेलो. मागच्या वेळी होते तेच लोक होते. मी सगळं सांगितलं, माती, पिंप, चांदी आणि अहवाल दाबून ठेवला तेही. कुणीतरी म्हणालं, "मग त्या दिवशी एवढी जीभ कशाला चालवली?" मी म्हणालो, "चुकलं." आणखी काय म्हणणार होतो?

मुलाणी मॅडम माणसं आणि निळी पिंपं घेऊन आल्या. या वेळी गांडूळ तुळशीतच सोडलं. आत गेल्या गेल्या ते किंचाळल्यासारखं वाजायला लागलं. माणसांनी हातमोजे घातले. मी म्हणालो, रोप मी काढतो. त्यांनी मलाही हातमोजे दिले. सेलमला मी जन्मभर उघड्या हातांनी तेजाबात काम केलं. मंगलच्या तुळशीला पहिल्यांदा हातमोजे घालून हात लावला.

झाकणावर चिकटवायची पट्टी भरताना मॅडमनी विचारलं, "स्रोत म्हणून काय लिहू, काका?"

"हणमंत सूर्यवंशी लिहा," मी म्हणालो. नकाशावर आता परड्यात एक लाल ठिपका आहे आणि त्यावर बोट ठेवलं की माझं नाव येतं. ते कायम राहणार आहे.

रेश्माचा फोन आला. तिच्या रक्तात शिसं निघालं होतं, फार नाही, औषधानं उतरेल म्हणाले. पोराचं रक्त चांगलं आहे. शेवटी म्हणाली, "तुमचंही तपासा आप्पा." मी हो म्हणालो. ती आणखी काही बोलेल म्हणून फोन कानाला धरून थांबलो. तिनं ठेवला होता.

पट्ट्याचा लाल रंग पिवळा, म्हणजे वर्षभर देखरेखीचा, झाला आणि पोपटदादांचं दूध सुरू झालं. घराचा व्यवहार मोडायचा असेल तर मोडा, असा निरोप मी कमलवहिनींकडं दिला, तांब्याही परत केला. उत्तर आलं नाही.

मग एक दिवस पोपटदादा आले. मागं कमलवहिनी, गल्लीतली आणखी माणसं, आणि पेटी घेतलेल्या मुलाणी मॅडम. पोपटदादांच्या हातात घमेलं होतं, त्यात काळी माती आणि वर तुळशीचं बारकं रोप.

"खड्डा मोकळा बरा दिसत न्हाई," ते म्हणाले. "गोठ्यामागची माती आहे."

मी हात पुढं केले. त्यांनी घमेलं मागं घेतलं.

"असं न्हाई. आधी तपासायची."

"दादा, तुमची माती मी कशाला तपासू?"

"तुमी न्हाई, मीच बोलावलंय मॅडमना. फुकटचा विश्वास नको मला आता." त्यांनी घमेलं पायरीवर ठेवलं. मॅडमनी माझ्याकडं न बघता गांडूळ त्यात सोडलं. पोपटदादांच्या म्हशीनं गोठ्याच्या खिडकीतून तोंड बाहेर काढलं होतं. थोड्या वेळानं मोबाइल वाजला. मॅडमनी तो पोपटदादांना दिला, आणि त्यांनी माझ्या हातात.

"वाचा."

मी वाचलं. "शिसे, आढळले नाही. तेजाब, आढळले नाही."

"ऐकू आलं न्हाई," पोपटदादा म्हणाले. "त्या दिशी डेअरीत वाचलं होतं तसं वाचा."

मी मोबाइल डोळ्यांपुढं धरला, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचायला लागलो.